एमजीबीच्या गिअरबॉक्सची तेलगळती: आधी शोध, मग पाना

जुनी ब्रिटिश गाडी म्हटली की खाली तेलाचा डाग असायचाच, असं इंग्लंडमध्ये गाड्या बाळगणारे बरेच लोक सहज बोलून जातात. मला ते मुळीच पटत नाही. एमजीबी ही एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, साधी, समजून-उमजून बांधलेली गाडी आहे. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती. तिच्या गिअरबॉक्समधून तेल बाहेर पडायच्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जागा गाडीखाली झोपून, इंजिनाला हात न लावता दुरुस्त होतात. तेल गळतंय म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स बाहेर काढायचं, हा निष्कर्ष घाईचा असतो. पुष्कळदा सगळं उतरवून, नवीन सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) घालून, परत चढवल्यावरही गळती जागच्या जागी असते, कारण ती मुळात तिथून नव्हतीच. म्हणून या लेखात शोधावर जास्त भर आहे.

इथे मी प्रामुख्याने १९६७ च्या अखेरीपासून आलेल्या, चारही गिअरना सिंक्रोमेश (गिअर न खरखरता बसवणारी रचना) असलेल्या गिअरबॉक्सबद्दल लिहितो आहे. त्याला बहुतेक वेळा लेकॉक कंपनीचा एलएच प्रकारचा ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जादा गिअर-जोडणी) मागे जोडलेला असतो. त्याआधीच्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता आणि त्याच्यासोबत येणारा ओव्हरड्राइव्ह डी प्रकारचा असे. शोध घ्यायची पद्धत दोन्हींना सारखीच लागू पडते, सुटे भाग मात्र वेगळे आहेत. सील मागवण्याआधी आपला बॉक्स कोणता, हे नक्की करा.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. गाडी जॅकवर उचलून खाली शिरू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नाही. पक्क्या सपाट फरशीवर चार दणकट स्टँड, चाकांना अडण्या, आणि खाली शिरण्यापूर्वी गाडीला खांद्याने चांगला धक्का देऊन बघा. हलली तर पुन्हा लावा. कामाला सुरुवात करताना बॅटरीची तार काढा. १९७४ पर्यंतच्या बऱ्याच एमजीबींना सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यामुळे नक्की कोणती तार काढताय ते बघून काढा. पाने एएफ मापाचे, म्हणजे इंचातले, लागतात. मिलिमीटरचे पाने जवळपास बसतात, आणि त्या ‘जवळपास’मुळेच नटांचे कोपरे झिजतात.

तेल नक्की कुठलं?

या गाडीत एक अडचण आहे, जी दुसऱ्या अनेक गाड्यांत येत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, त्यामुळे थेंब बोटावर घेऊन हुंगला की कळतं. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये मात्र बहुतेक मालक इंजिनाचंच, म्हणजे २०डब्ल्यू-५० तेल घालतात, आणि बऱ्याच वर्षांच्या हँडबुकमध्येही तेच सांगितलेलं आहे. वासावरून फरक कळत नाही. रंगावरून थोडा कळतो. इंजिनाचं तेल काही शे मैलांत काळं पडतं, गिअरबॉक्सचं तेल बराच काळ मधासारखं किंवा फार तर राखाडी झाक असलेलं राहतं. पांढऱ्या कागदावर दोन्ही डिपस्टिकचा एकेक थेंब आणि जमिनीवरच्या डागातला एक थेंब शेजारी-शेजारी टाकून दिवसाच्या उजेडात बघा. इंजिनाचं तेल नुकतंच बदललं असेल तर या परीक्षेवर विसंबू नका.

क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा) बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या, बाजूलाच असतो. तो गळत असेल तर खाली पडतो तो द्रव तेल नसतो, ब्रेक-क्लचचा हायड्रॉलिक द्रव असतो. तो पाण्यात मिसळतो, तेल मिसळत नाही. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं की लगेच समजतं. या द्रवाने रंगही उखडतो, म्हणून ही गळती तर एक दिवसही अंगावर काढू नये.

एवढ्यावर खात्री पटली नाही तर अल्ट्राव्हायोलेट दिव्यात चमकणारा रंग मिळतो, तेलासाठी खास बनवलेला. तो फक्त गिअरबॉक्समध्ये घाला, इंजिनात नाही. थोडी गाडी फिरवून अंधारात तो दिवा मारला की जिथे पिवळी-हिरवी चमक दिसेल ते तेल नि:संशय गिअरबॉक्सचं. मला हा उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण पुढे इंजिन उतरवायचं की नाही हा मोठा निर्णय याच उत्तरावर अवलंबून असतो.

धुणं, सुकवणं, फिरवणं

वर्षानुवर्षांचा तेल-मातीचा थर असेल तर त्याखालची गळती दिसणं शक्य नाही. आधी लाकडी पट्टीने खरवडून जाड थर काढा, मग डिग्रीझर आणि ब्रशने इंजिनाच्या मागच्या बाजूपासून ओव्हरड्राइव्हच्या शेवटापर्यंत सगळं घासा. जोरात पाण्याचा फवारा मारू नका, तो ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर जायच्या भोकातून) आणि स्विचमधून आत शिरतो. पूर्ण सुकू द्या. मग संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरा. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, ओव्हरड्राइव्ह लावून थोडं वेगाने सुद्धा, कारण तेल गरम झालं आणि शाफ्ट फिरला तरच काही सील गळतात. परत आल्यावर खाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा आणि त्यावर पुढच्या-मागच्या चाकांच्या जागा पेनने आखून ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावरच्या डागाची गाडीच्या लांबीतली जागा अचूक कळते.

आता खाली शिरा, आणि डोळ्यांनी वरच्या अंगाला आणि पुढच्या अंगाला जात राहा. तेल उताराने खाली येतं, आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणजे जिथे ओलं दिसतं तिथून उगम नेहमी वर किंवा पुढे असतो. पावडरीवरची सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली रेघ शोधायची.

एमजीबीच्या बी-सिरीज इंजिनात वरून खाली ओघळणाऱ्या जागाही आहेत, त्या आधी बाद करा. रॉकर कव्हरचं पॅकिंग, तेलाच्या दाबाची नळी, आणि विशेषतः मॅनिफोल्डखाली इंजिनाच्या कुशीत बसवलेल्या टॅपेट कव्हरपैकी मागचं. तिथून निघालेलं तेल इंजिनाच्या अंगावरून मागे जाऊन बेलहाउसिंगवर उतरतं आणि थेट गिअरबॉक्सवर आळ येतो. भारतात अ‍ॅम्बॅसॅडरवर हात बसलेल्या मिस्त्रींना हे इंजिन परकं वाटणार नाही. त्या गाडीतही बराच काळ याच बी-सिरीज घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन होतं, एमजीबीत त्याचंच १७९८ सीसीचं रूप आहे. पुढच्या टॅपेट कव्हरवरच क्रँककेसच्या वाफेची वाट असते. तिच्यातली जाळी तुंबली की आत दाब साठतो आणि मागच्या सीलमधून तेल ढकललं जातं. ती जाळी साफ करणं हे फार तर एका दुपारचं काम, आणि कधी कधी तेवढ्यानेच मोठा खर्च वाचतो.

बेलहाउसिंगच्या तळाशी एक बारीक भोक असतं आणि त्यात एक स्प्लिट पिन सैल लटकत असते. ती गाडीच्या थरथरीने हलत राहून भोक मोकळं ठेवते. काही जणांना ती फालतू वाटते आणि ते काढून टाकतात. मग भोक चिखलाने बुजतं, तेल आत साठतं आणि क्लचप्लेट भिजते. पिन आहे का बघा, नसेल तर घाला. त्या भोकातून तेल टपकत असेल तर उगम बेलहाउसिंगच्या आत आहे, म्हणजे एकतर इंजिनाचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या कव्हरचं सील. भोक कोरडं आणि मागचं सगळं ओलं असेल तर आनंदाची गोष्ट आहे, काम बहुधा खालूनच होणार.

खालून होणारी कामं

पातळी आधी तपासा, कारण जास्त भरलेला गिअरबॉक्स कुठून ना कुठून तेल टाकतोच. बऱ्याच एमजीबींमध्ये गिअरबॉक्सची डिपस्टिक गाडीच्या आतून, बोगद्यावरच्या (गिअरबॉक्स झाकणाऱ्या, दोन सीटमधल्या उंचवट्यावरच्या) गालिच्याखालच्या रबरी बुचाखाली सापडते. नंतरच्या गाड्यांत ती नाही, बॉक्सच्या बाजूला पातळीचा प्लग आहे. गाडी सपाट जागी आणि थंड असताना पाहा. सिंक्रोमेश बॉक्समध्ये सुमारे ३ लिटर तेल बसतं, ओव्हरड्राइव्ह असेल तर सुमारे ३.४ लिटर. दोघांचं तेल एकच आहे, आतून जोडलेलं. ब्रीदर बुजलेला असेल तर गरम झालेली हवा सीलच्या ओठाखालून बाहेर पडते, तोही तपासून मोकळा करा.

मग स्पीडोमीटरच्या केबलचं टोक. तिथल्या छोट्या पिनियनला स्वतःचं सील आणि बाहेरून ओ-रिंग असते. सील गेलं की तेल केबलमधून वर चढतं आणि काट्याच्या काचेमागे ओशट डाग येतो. केबलची चुडी सोडा, पिनियनचं घर बाहेर काढा, सील आणि ओ-रिंग बदला. केबलही साफ करा, नाहीतर आतलं जुनं तेल अजून कित्येक आठवडे टपकत राहील आणि तुम्हाला वाटेल काम फसलं.

रिव्हर्सच्या दिव्याचा आणि ओव्हरड्राइव्हचा स्विच बॉक्समध्येच आट्याने बसवलेले असतात. त्यांच्याखालचे फायबर वॉशर बदला. पण काही वेळा तेल वॉशरखालून नाही, स्विचच्या मधून, तार जोडतात तिथून येतं. तेव्हा नवीन स्विचच लागतो. ड्रेन प्लगला नवा तांब्याचा वॉशर घाला आणि बेताने आवळा. बॉक्सचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे एकदा गेले की गळती कायमची पाठीशी लागते. गेलेच असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालून घ्या, टेफ्लॉनच्या टेपचे थर गुंडाळू नका.

एलएच ओव्हरड्राइव्हच्या तळाशी प्लेट आहे, तिच्यावर आत फिल्टरची जाळी बसते. प्लेटचं पॅकिंग आणि सॉलेनॉइडभोवतीचं (ओव्हरड्राइव्ह चालू करणाऱ्या विद्युत-चुंबकाभोवतीचं) सील या नेहमीच्या गळक्या जागा. इथे मात्र सांभाळा. आतला दाब दर चौरस इंचाला शेकडो पौंडांत असतो. उघडण्यापूर्वी बॅटरी जोडा, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा, चौथा गिअर टाका आणि ओव्हरड्राइव्हचं बटण दहा-बारा वेळा चालू-बंद करा, म्हणजे दाब उतरतो. मग बॅटरी पुन्हा तोडून प्लेट सोडा. जाळी पॅराफिनमध्ये (रॉकेलमध्ये) धुवा, चुंबकांवरचा चुरा पुसा. बारीक राखाडी लेप नेहमीचाच आहे, चकचकीत तुकडे दिसले तर गळतीपेक्षा मोठा प्रश्न आहे. नवीन पॅकिंगला सीलंट नको, किंवा अगदी पुसटसा लेप पुरे. सिलिकॉनची पिचकारी तर इथे वर्ज्यच. जादा सिलिकॉन आत पिळून निघतं, त्याचे सुटलेले धागे पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि ओव्हरड्राइव्ह बंद पडतो.

मागचं सील

गिअरबॉक्सच्या शेवटच्या सीलची खूण मोठी बोलकी असते. प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतात ती चकती, म्हणजे फ्लँज, फिरताना तेल भिरकावते, त्यामुळे बोगद्याच्या छतावर आणि बाजूंवर नेमक्या फ्लँजच्या रेषेत तेलाची एक आडवी पट्टी उमटते. ती दिसली की सील बदला. ओव्हरड्राइव्ह असो वा नसो, हे काम खालूनच होतं.

तेल काढून घ्या. प्रोपेलर शाफ्टच्या आणि फ्लँजच्या कडेवर एक समान खूण करा, म्हणजे तो पूर्वीच्याच जागी बसेल, नाहीतर नव्याने थरथर सुरू होते. चार बोल्ट काढून शाफ्ट बाजूला बांधून ठेवा. फ्लँजचा मधला नट चांगलाच घट्ट असतो. त्याला लॉकिंग असेल तर ते आधी मोकळं करा. फ्लँजच्या दोन भोकांत बोल्ट घालून त्याला एक लांब लोखंडी पट्टी जखडा, पट्टी बोगद्याला टेकली की फ्लँज फिरत नाही, आणि मग मोठी गोटी (सॉकेट) लावून नट सोडा. हातोड्याने फ्लँज बडवू नका. निघत नसेल तर पुलर लावा.

फ्लँज हातात आल्यावर सील बदलायची घाई नको, आधी तो भाग पाहा जिथे सीलचा ओठ टेकत होता. बोटाचं नख आडवं फिरवा. नख अडलं तर तिथे खाच पडली आहे, आणि त्या खाचेवर सर्वांत महागडं सीलही टिकणार नाही. बारीक खाच असेल तर नवं सील एक-दीड मिलिमीटर आत-बाहेर बसवता येतं का ते बघा, म्हणजे ओठ नव्या जागी टेकेल. खोल असेल तर बारीक स्टीलची दुरुस्ती-बाही मिळते, ती ठोकून बसवता येते, किंवा दुसरा फ्लँज घ्या. नुसता गंज असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर गोल दिशेने फिरवा, लांबीच्या दिशेने नाही. लांबीच्या ओरखड्यांतून तेलाला बाहेर यायला वाट मिळते.

जुनं सील उचकटताना घराच्या आतल्या भिंतीवर ओरखडा येऊ देऊ नका. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. बाहेरच्या धातूच्या कडेला सीलंटचा पुसट थर, ओठाला तेल. सीलच्या कडेवर टेकेल अशा मापाच्या नळकांड्याने किंवा मोठ्या गोटीने थोडं-थोडं, सरळ आत ठोका. तिरपं गेलं तर काढून नवीन घ्या. सीलवर मापं कोरलेली असतात. बाजारात मिळणाऱ्या काही पुनर्निर्मित सीलांचा रबर कडक असतो, त्यामुळे मी व्हर्नियरने माप घेऊन चांगल्या बेअरिंगच्या दुकानातून घेणं पसंत करतो.

एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. फ्लँजच्या आतल्या स्प्लाइनमधूनही (शाफ्टवर बसणाऱ्या लांब दात्यांमधूनही) तेल पाझरतं आणि नटाखालून बाहेर येतं. सील नवं, तरी गळती तशीच, याचं कारण पुष्कळदा हेच. फ्लँज चढवताना स्प्लाइनच्या बाहेरच्या टोकाला आणि वॉशरखाली न वाळणारं सीलंट लावा. हायलोमर मला इथे सर्वांत योग्य वाटतं. नट तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच आवळा. ओव्हरड्राइव्ह असलेल्या आणि नसलेल्या बॉक्सचे आकडे वेगळे असतात.

इंजिन उतरवायची वेळ येते तेव्हा

तेल खरोखर बेलहाउसिंगमधून येतंय आणि ते कोणाचं हेही कळलं, तरी लगेच उतरवायचं असं नाही. रात्रीत एखादा थेंब पडतोय, डिपस्टिकची पातळी महिनोन्महिने जागची हलत नाही, क्लच घसरत नाही किंवा थरथरत नाही, तर क्लच बदलायची वेळ येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. पण क्लच धरताना गाडी थरथरू लागली, चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी सरकत नाही असं झालं, तर तेल क्लचप्लेटपर्यंत पोचलं. मग वाट बघू नका.

एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खाली उतरत नाही, इंजिनासकट वर निघतो. रेडिएटर काढा, स्लेव्ह सिलिंडर नळी न सोडता बाजूला बांधा, गिअरचा दांडा आतून काढा, स्पीडोची केबल, तारा, प्रोपेलर शाफ्ट सोडा, मागचा आडवा आधार काढा आणि होइस्टवर नाक वर करून दोन्ही एकत्र उचला. मागचा आधार परत बसवणं हे या सगळ्यातलं सर्वांत चिकट काम आहे. बोल्ट कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बाजूने आले त्याचे फोटो काढून ठेवा, आणि मदतीला एक माणूस असू द्या.

एकदा बाहेर आला की बॉक्सचं प्रत्येक सील बदला. पुढच्या कव्हरचं सील, रिमोटच्या (गिअरच्या दांड्याखालच्या भागाच्या) आणि वरच्या कव्हरची पॅकिंग, ओव्हरड्राइव्ह आणि गिअरबॉक्समधल्या जोडाच्या दोन्ही पॅकिंग. पुढचं कव्हर काढताना बेअरिंगवर पातळ शिम (अंतर भरणाऱ्या चकत्या) सापडतील. त्या हरवू नका, जशा होत्या तशाच परत बसल्या पाहिजेत. कव्हर चढवताना शाफ्टच्या स्प्लाइनवर पातळ प्लॅस्टिक किंवा टेप गुंडाळा, नाहीतर नव्या सीलचा ओठ पहिल्याच सेकंदाला कापला जातो. कव्हरचे नट आवळण्याआधी सील शाफ्टभोवती मध्यावर आहे ना ते पाहा. कव्हरच्या कडा काचेवर ठेवून सपाट आहेत का तपासा. जुनं पॅकिंग खरवडताना लोखंडी पट्टी वापरू नका.

फ्लायव्हील उघडंच आहे, तर इंजिनाचं मागचं सीलही याच वेळी बदला. १९६४ च्या अखेरीपासूनच्या पाच बेअरिंगच्या इंजिनांना इथे रबरी सील आहे. त्याआधीच्या तीन बेअरिंगच्या इंजिनांत तेल परत ढकलणारी आट्यासारखी खोबण आहे, बदलण्यासारखं सील नाही, त्यामुळे तिथे थोडं ओलं राहणार हे धरून चालावं लागतं. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि कार्बनचं रिलीज बेअरिंग नवीन घाला. तेल प्यायलेली क्लचप्लेट पेट्रोलने धुवून परत वापरायचा मोह टाळा. ती वरून कोरडी दिसते, गरम झाली की तेल पुन्हा बाहेर येतं.

भरणं आणि चाचणी

तेल हळूहळू भरा. हँडबुकमध्ये सांगितलं तेच, आणि त्यात घर्षण कमी करणारं कुठलंही रसायन मिसळू नका, कारण ओव्हरड्राइव्हचा शंकूच्या आकाराचा क्लच घर्षणावरच चालतो. जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल मागच्या आसासाठी ठीक, या बॉक्ससाठी नाही. त्यातली रसायनं सिंक्रोमेशच्या पितळी कड्यांना सोसत नाहीत. थोडं अंतर ओव्हरड्राइव्ह लावून चालवा, थंड होऊ द्या, पातळी पुन्हा बघून राहिलेलं भरा. ओव्हरड्राइव्हच्या पोकळ्या भरल्या की पातळी खाली जातेच.

जुनं तेल डब्यात साठवून कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रात द्या, गटारात नको.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणी (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का याची) सक्तीची नाही, त्यामुळे आता सगळ्याच मूळ एमजीबी तिच्यातून सुटल्या आहेत. म्हणजे तुमच्याशिवाय गाडीखाली बघणारं कुणी नाही. तपासणी ऐच्छिक का असेना, वर्षातून एकदा करून घ्यावी, आणि हिवाळाभर उभी राहिलेली गाडी वसंतात बाहेर काढताना पुठ्ठ्याची परीक्षा जरूर करावी, कारण उभ्या गाडीत सीलचे ओठ सुकतात. दुरुस्तीनंतरचे पहिले दोन-तीनशे मैल झाले की प्लेटचे आणि कव्हरचे बोल्ट एकदा हाताने तपासा. नवं पॅकिंग थोडं दबतं आणि बोल्ट किंचित सैल होतात. त्यानंतर एक रात्र पुन्हा स्वच्छ पुठ्ठा ठेवा, आणि सकाळी स्प्लिट पिनच्या टोकाला बोट लावून बघा.